दोन ईशापुरी रायफली आणि गोळ्यांचा डबा

दोन्ही रायफलींच्या ट्रिगर गार्डला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली होती आणि दोन्ही चिठ्ठ्यांवर एकच मजकूर होता: ‘एनफिल्ड, ३०३’, म्हणजे ब्रिटिश घडणीची लष्करी रायफल आणि तिच्या काडतुसाचं माप. शेजारच्या आजींचे यजमान जाऊन वर्ष होत आलं होतं. तळघर आवरताना या रायफली निघाल्या, सोबत हिरव्या पत्र्याचा डबा भरून काडतुसं. कॉलेजात जाणाऱ्या नातवाला ते सगळं घेऊन रेंजवर जायचं होतं. आजी मला म्हणाल्या, “या तुमच्या भारतात बनलेल्या आहेत, असं हे सांगायचे. तुला यातलं कळतं. गोळ्या बरोबर आहेत का तेवढं बघून दे.”

मी पुण्यात शिकत असताना एनसीसीत होते. नेमबाजी पॉइंट टू-टूवर व्हायची. थ्री नॉट थ्री हातात यायची ती परेडपुरती, तीही कायमची निकामी केलेली, ‘डीपी’ शिक्क्याची. तरी खोलणं-जोडणं, नळी पुसायची दोरी म्हणजे पुलथ्रू ओढणं, चिंदीला तेल किती लावायचं, हे तेव्हाच हातात बसलं. अमेरिकेत ओहायोत स्थिरावल्यावर आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर इथल्या एका रेंजची सभासद झाले आणि जुन्या लष्करी बोल्ट-ॲक्शन (दर गोळीला बोल्ट हाताने मागे-पुढे करून भरायच्या) रायफलींचा अभ्यास मनापासून सुरू केला. आजींना मी लगेच हो म्हटलं. अट एकच घातली: माझं बघून होईपर्यंत डब्यातली एकही गोळी कुठल्याही रायफलीत जाणार नाही. नातवाला ते जरा जड गेलं, पण त्याने ऐकलं.

पहिलं काम रायफल रिकामी आहे याची खात्री करणं. मॅगझिन काढलं, बोल्ट मागे ओढला, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या पोकळीत, टॉर्च मारून पाहिलं, वर बोट घालूनही पाहिलं. तळघरातून निघालेल्या हत्याराबद्दल “ती रिकामीच असते” हे कुणाचंही ऐकायचं नाही, ज्याने वर्षानुवर्षं जपली त्याचंसुद्धा नाही. मग जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून दोघी शेजारी-शेजारी ठेवल्या.

लांबून बघणाऱ्याला फरक कळला नसता. नळीच्या टोकापर्यंत लाकूड, पुढे बोथट नाकासारखी लोखंडी टोपी, मागे वळलेला बोल्टचा दांडा. हा आकार महाराष्ट्रात आपण सगळ्यांनी पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेला आहे. २६/११ च्या रात्री सीएसटीवर पोलिसांच्या हातात होती ती हीच थ्री नॉट थ्री. पण जवळून बघितलं की पहिला फरक मॅगझिनवर दिसतो. एकीच्या मॅगझिनचा तळ तिरपा, पुढच्या बाजूला निमुळता होत गेलेला. त्यात १० गोळ्या मावतात. दुसरीचं मॅगझिन चौकोनी, काटकोनातलं, १२ गोळ्यांचं. मॅगझिन बदलता येतं, त्यामुळे एवढ्यावर निकाल द्यायचा नाही, पण पुढचं कुठे बघायचं ते त्यावरून कळतं.

दुसरी खूण मागच्या साइटची पट्टी. पहिलीच्या पट्टीवर २ पासून २० पर्यंत आकडे, म्हणजे २०० ते २००० यार्ड. पहिल्या महायुद्धाआधीच्या सेनाधिकाऱ्यांना अख्ख्या पलटणीने मिळून मैलभर लांब मारा करायचा असायचा, त्या काळातली ही पट्टी. दुसरीची पट्टी ८ वर संपत होती, म्हणजे ८०० मीटर. यार्ड आणि मीटर हा फरकच दोघींमध्ये किती वर्षं गेली ते सांगतो. तिसरी खूण दस्त्याच्या मागची पट्टी: पहिलीची पितळी, दुसरीची वेगळ्या घडणीची. भारताने स्वतःची सेल्फ-लोडिंग (दर गोळीनंतर आपोआप भरणारी) रायफल बनवायला घेतली तिच्याच दस्त्याची पट्टी या बोल्ट रायफलीलाही बसवली होती.

आता शिक्के. एनफिल्डची जन्मपत्रिका बोल्टच्या दांड्याखाली, दस्ता जिथे धातूत बसतो त्या पट्टीवर उजव्या बाजूला असते. पहिलीवर मुकुट, त्याखाली जी. आर. आय., म्हणजे राजा आणि सम्राट जॉर्ज, मग ईशापूर, १९४२ आणि मार्क थ्री स्टार. कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी ही फॅक्टरी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानची, पुढे स्वतंत्र भारताची पायदळाची रायफल तिथून निघाली. मार्क थ्री हे मॉडेल १९०७ चं. पहिल्या महायुद्धात लवकर आणि जास्त रायफली बनाव्यात म्हणून त्यातले काही भाग काढून टाकले, त्यात मॅगझिनमधल्या गोळ्या अडवून धरणारी पट्टी, मॅगझिन कट-ऑफही गेला, आणि त्या सोप्या आवृत्तीला तारा जोडला गेला. इंग्लंडने पुढे नंबर फोर ही नवी एनफिल्ड घेतली. ईशापूर मात्र मार्क थ्रीवरच राहिलं. आफ्रिकेपासून इटलीपर्यंत आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान ज्या हत्यारांनिशी लढले त्यात याच मॉडेलच्या रायफली होत्या. मला ही गोष्ट टेबलाशी उभं राहून, हातात भिंग धरून फार जवळची वाटली.

दुसरीची पट्टी वाचता येईना. भारतीय रायफलींवर गंजापासून बचाव म्हणून काळा रंग मारलेला असतो आणि तो अक्षरांत भरून बसतो. मी तो खरवडला नाही. खरवडलं की अक्षरंही जातात आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही. टॉर्च एका बाजूने आडवा धरला की खोल अक्षरांची सावली पडते. तशी सावली पाडून वाचलं: आर. एफ. आय., सालात ६० च्या दशकातला आकडा आणि ‘रायफल ७.६२ मिमी २ए१’. नळीच्या टोकाजवळ बारीक ठिपक्यांत आयातदाराचा शिक्काही होता, त्यातही ७.६२. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने परदेशी लष्करी रायफलींची आयात थांबली, ती १९८० च्या दशकात पुन्हा सुरू झाली. नंतर आलेल्या रायफलींवर आयातदाराचं नाव असतंच. १९४२ वालीवर तसला शिक्का कुठेच नव्हता, म्हणजे ती बहुधा त्या बंदीच्या आधीच इथे पोचलेली.

चिठ्ठी चुकीची होती, एवढं आता नक्की झालं. एक रायफल ३०३ ची, दुसरी ७.६२ मिमीच्या नाटो काडतुसाची.

२ए१ बद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो मला इथे खोडायचा आहे. अनेक जण सांगतात की जुन्या ३०३ ला नवी नळी बसवून ही बनवली. तसं नाही. १९६२ च्या चीन युद्धानंतर रायफली कमी पडत होत्या. सैन्य ७.६२ कडे वळत होतं आणि सेल्फ-लोडिंग रायफल सगळ्यांना पुरेल इतकी निघत नव्हती. ईशापूरच्या लोकांकडे मार्क थ्रीची यंत्रं होती, साचे होते, हात तयार होते. त्यांनी तोच नकाशा घेतला, पण ७.६२ चा दाब ३०३ पेक्षा बराच जास्त असल्याने पोलाद वेगळं, अधिक ताकदीचं वापरलं आणि रायफल नव्याने घडवली. अमेरिकी उद्योगाच्या मापात ३०३ ची दाबाची कमाल मर्यादा चौरस इंचाला ४९,००० पौंड आहे. ७.६२ साधारण ६०,००० च्या घरात जाते. जुन्या मार्क थ्रीला नुसती नळी बदलून ७.६२ करणं म्हणजे ती न बनलेल्या दाबाखाली तिला ढकलणं. ईशापूरने तो सोपा रस्ता घेतला नाही, याचा मला अभिमान वाटतो.

शिक्के वाचून झाले तरी गोळी कोणती हे ठरलं असं मी मानत नाही. शिक्का रायफल फॅक्टरीतून निघाली तेव्हाचा असतो, मधल्या वर्षांत कुणी चेंबर कापून मोठं केलं असेल तर शिक्का ते सांगत नाही. याचं सगळ्यात ठळक उदाहरणही भारतातलंच आहे. पहारेकऱ्यांसाठी आणि पोलिसांसाठी जुन्या ३०३ ची नळी आतून कापून गुळगुळीत करून ४१० ची, म्हणजे छऱ्यांच्या काडतुसाची, मस्केट बनवली जायची. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा, एका वेळी एकच काडतूस. बाहेरून एनफिल्ड, शिक्के एनफिल्डचे, आणि आत छऱ्यांची बंदूक. इथे आल्यावर अशा कित्येकांचं चेंबर पुन्हा बाजारी ४१० साठी वाढवलेलं सापडतं. म्हणून निकाल चेंबरचा.

चेंबरचा साचा काढायला मी रेंजजवळच्या गनस्मिथकडे गेले. तो सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतो. उकळत्या पाण्याच्याही खाली वितळतो, त्यामुळे नळीला काही होत नाही. नळीत थोडं पुढे चिंदीचं बूच मारून तो चेंबरमध्ये ओतायचा, थिजला की मागून ढकलून काढायचा. आधी तो थोडा आकसतो, मग फुगतो. तासाभराने चेंबरच्या मापाचा होतो, तेव्हा कॅलिपर लावायचा. दोन्ही साचे शेजारी ठेवल्यावर पोरालाही कळलं असतं. १९४२ वालीच्या साच्याला मागे कडेची गोल बैठक, निमुळतं अंग, ३०३ चंच. २ए१ च्या साच्याला कड नाही, अंग सरळसर, ७.६२ चंच. दोन्ही चेंबरांना कुणी हात लावलेला नव्हता.

मग तब्येत तपासणं. डीपी शिक्का कुठे आहे का ते पाहिलं: बॉडीवर, नळीवर, लाकडावर. असता तर गोष्ट तिथेच संपली असती. डीपी रायफल परेडसाठीच असते, ती कधीही भरायची नाही. लाकडाला पुढून तांब्याची किंवा लोखंडी तार गुंडाळलेली नव्हती. तशी तार असली तर ती रायफल ग्रेनेड फेकायला वापरलेली असते आणि तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मॅगझिनच्या पुढे लाकडातून आडवा गेलेला स्क्रू होता, ईशापूरच्या रायफलींना लाकूड फाटू नये म्हणून तो मारलेला असतो. बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि बॉडीवरचा नंबर दोन्हींचा जुळला. हे महत्त्वाचं. एनफिल्डचा बोल्ट ज्या-त्या बॉडीला घासून बसवलेला असतो, दुसरीचा काढून घातला तर जोर एकाच खांद्यावर येतो.

मग हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसाला उरणारी जागा. ३०३ ची ती काडतुसाच्या कडेच्या जाडीवर मोजतात. १.६३ मिमीच्या गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, १.८८ च्या गेजवर बंद होता कामा नये. १९४२ वाली या कसोटीत बसली. नळीत शिशाचा गोळा ठोकून पलीकडून काढला, तर त्यावर पाच खाचा उमटलेल्या. पाच हा विषम आकडा असल्याने खाचेसमोर खाच येत नाही आणि साध्या कॅलिपरने माप चुकतं. गनस्मिथने त्यासाठी खास व्ही-ब्लॉक, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेचा मापाचा ठोकळा, काढला तेव्हा मला बरं वाटलं. घाई करणारा माणूस हे करत नाही.

आणि मग तो डबा.

मी सगळी काडतुसं चादरीवर ओतली आणि तळाच्या कडेवरून दोन ढीग केले. ३०३ ला तळाशी बाहेर आलेली कड असते, व्यास १३.७ मिमी, पितळी केसची लांबी साधारण ५६ मिमी. ७.६२ ला कड नसते, अंगालगत खाच असते, व्यास १२ मिमी, लांबी ५१. ही दोन मापं घेतली की ढीग चुकत नाहीत. पण एकेका ढिगात पुन्हा जाती होत्या. ७.६२ च्या ढिगात वर्तुळातलं अधिकचिन्ह असलेली नाटोची काडतुसं, काहींच्या टोकाला नारिंगी रंग. नारिंगी म्हणजे ट्रेसर, जळत जाऊन वाट दाखवणारी गोळी, वाळक्या गवतात पडला की आग लागते, आणि आमच्या रेंजवर त्याला बंदी आहे. ती बाजूला काढली. त्यातच शिकारीची ३०८ विंचेस्टर मिसळलेली. आणि मूठभर ओएफव्ही शिक्क्याची, म्हणजे भुसावळजवळच्या वरणगाव फॅक्टरीची.

३०३ च्या ढिगात एक कापडी पट्टा होता. पाच खण, प्रत्येक खणात पाच-पाच गोळ्या धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या दोन चिमट्या, म्हणजे चार्जर, एकूण ५० गोळ्या. एक गोळी काढून भिंगाखाली धरली. तळावर के, मध्ये बाण, मग एफ. साल १९४० च्या दशकातलं, आणि रोमन सात. केएफ म्हणजे किरकी, आपली खडकी. खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी १८६९ ची. माझे काका तिथेच नोकरीला होते. त्यांच्या क्वार्टरवर सुट्टीत राहायला गेलं की फॅक्टरीच्या भोंग्यावर घरातली कामं चालायची. मी तळाचा फोटो काढून त्यांना पाठवला आणि पुण्यात सकाळ व्हायची वाट पाहून फोन लावला.

“सातच्या पुढे झेड आहे का बघ गं,” काका म्हणाले.

“नाही काका, नुसतं सात.”

“मग आत कॉर्डाइट आहे. झेड असता तर नायट्रोसेल्युलोजची दारू. प्रायमरभोवतीचा, त्या तळाच्या मधल्या टोपीभोवतीचा, रंग कुठला दिसतोय?”

“फिकट जांभळा.”

“म्हणजे साधी बॉल. लाल असता तर ट्रेसर, हिरवा असता तर चिलखतभेदी. कॉर्डाइट बघितलंयस का कधी? शेवयांसारख्या बारीक काड्या असतात, केस फोडली की सुटतात. आणि हे बघ, ती उडवायची नाही हं. कुठल्या उन्हात, कुठल्या ओलीत राहिली देव जाणे. प्रायमर दमलेला असतो. चाप ओढलास आणि गोळी उशिरा सुटली, आणि तेवढ्यात तू बोल्ट उघडलास, तर काय होईल?”

काकांनी आयुष्य त्या कामात काढलं. त्यांच्या आवाजातली काळजी मला पोचली. मार्क सातची ही गोळी १९१० पासूनची: १७४ ग्रेनची टोकदार गोळी, सेकंदाला ७४४ मीटर वेग, टोकात शिशाऐवजी हलकं ॲल्युमिनियम किंवा लाकडाचा लगदा. प्रायमरमध्ये क्लोरेट असतो. तो उडाल्यावर नळीत मीठ सोडतो, मीठ हवेतली ओल ओढतं आणि नुसत्या तेलाने ते जात नाही, गरम पाणी ओतून विरघळवावंच लागतं. हे सगळं मी आजींना आणि नातवाला सांगितलं. अखंड पट्टा, मूळ चार्जर आणि सलग शिक्के असले की काडतूस संग्राहक त्याची चांगली किंमत देतात. पट्टा आजींनी तसाच विकला. सुटी, गंजकी आणि ट्रेसर गावच्या पोलिसांना आधी फोन करून देऊन टाकली.

आता नवी गोळी कोणती घ्यायची? ३०३ ब्रिटिश आजही बनते. सर्बियाची प्रवी पार्टिझान आणि चेकची सेलिए अँड बेलो या दोघांची मिळते. मी १७४ ग्रेनची घेतली, कारण साइट त्याच वजनावर आखलेली आहे. दुकानात ‘३०३ सॅव्हेज’ नावाचंही जुनं काडतूस कधी दिसतं. ते पूर्ण वेगळं आहे, आकडा सारखा म्हणून उचलायचं नाही. घरी रीलोड करणाऱ्यांनी, म्हणजे रिकाम्या केसा पुन्हा भरणाऱ्यांनी, हेही ध्यानात धरावं की ३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ ते .३१२ इंचाची असते. ३०३ हे माप नळीतल्या उंचवट्यांमधलं. .३०८ ची गोळी त्यात सैल बसते आणि नेम विस्कटतो.

२ए१ साठी मात्र बोलणी लांबली. ३०८ विंचेस्टर आणि ७.६२ नाटो बाहेरून एकसारखी. दोन्ही एकाच रायफलीत जातील, चालतीलही. पूर्वी दाब दोन वेगळ्या पद्धतींनी मोजायचे आणि आकड्याखालचं एकक न बघता लोक वाद घालायचे, त्यामुळे दोन्हींच्या दाबात आहे त्यापेक्षा मोठी तफावत सांगितली जाते. खरा फरक चेंबरच्या लांबीत आहे. लष्करी चेंबर जरा लांब असतं, लष्करी केसचं पितळ जाड असतं. बाजारी केस पातळ असली तर लांब चेंबरमध्ये जास्त ताणली जाते. गनस्मिथ म्हणाला, साधी ३०८ चालवणारे खूप आहेत. माझं मत वेगळं पडलं आणि मी ते सांगितलं: रायफल ज्यासाठी बनली तेच द्यावं. १४७ ग्रेनची, खोक्यावर ७.६२×५१ लिहिलेली, एम८० दर्जाची. नातवाने तीच घेतली. जड, जोरकस शिकारी ३०८ या रायफलीत घालायची नाही, यावर आमचं तिघांचंही एकमत होतं.

रेंजवर दोन्ही खोके एका वेळी टेबलावर ठेवायचे नाहीत, हा नियम मी केला. एक रायफल, तिचा खोका, ती संपली की बोल्ट उघडून रॅकवर, मग दुसरी. पहिल्या गोळीनंतर थांबलो आणि केस तपासली. ३०३ चं चेंबर सैल असल्याने पितळ तळापासून थोडं वर ताणलं जातं. तिथे चमकदार वलय दिसलं किंवा आत वाकडी तार फिरवताना खाच लागली, की केस पुढच्या खेपेला तुटणार हे समजायचं. तसं काही नव्हतं. ३०३ चा धक्का खांद्याला ढकलल्यासारखा, २ए१ चा तुटक आणि कडक. चार्जरमधून भरताना वरच्या गोळीची कड खालच्या गोळीच्या कडेमागे अडकू नये म्हणून गोळ्या कशा मांडायच्या, हे नातवाने दोन-तीनदा करून हाताला बसवलं. २ए१ कागदावर डावीकडे मारत होती. पुढची साइट गनस्मिथने नंतर सरकवून दिली.

तो आता रीलोडिंग शिकतोय. ३०३ च्या केस त्याने वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत, झाकणावर रायफलीचा नंबर लिहून. त्या केस या एकाच चेंबरच्या आकाराच्या झाल्यात, म्हणून त्यांची नुसती मान आवळायची, पूर्ण केस दाबायची नाही, दुसऱ्या कुठल्या ३०३ मध्ये घालायच्या नाहीत, आणि दर खेपेला आतून तार फिरवून बघायचं, एवढं मी त्याला सांगून ठेवलंय.